पत्रिका जुळवूनच!

मिक्सर बंद पडला, की मी त्याच्या बुडाचं लाल बटण दाबून बघते. तेवढ्यानं सुरू झाला तर ठीक, नाहीतर दुरुस्तीवाला. माझी यंत्रविद्या एवढीच. बी. ए.ला माझा विषय इतिहास. सकाळी शाळेत अर्धवेळ मराठी-इतिहास शिकवते, उरलेला वेळ घर. तेव्हा मोटारीतला अ‍ॅम्प्लिफायर आणि मी यांची गाठ पडावी, हे नवलच. पण पडली खरी.

त्याचं असं झालं. माझा दादा कऱ्हाड-पाटण रस्त्यावर वडापची जीप चालवायचा. गाण्यांचा भारी शौक. 2006 साली त्यानं कोल्हापुरातून एक अ‍ॅम्प्लिफायर आणि एक मोठा वूफर आणून जीपमध्ये बसवला. वहिनी तेव्हा चांगल्याच चिडल्या होत्या. "घरात धड कुकर नाही, नि गाडीला बाजा!" दादा 2019 साली गेला. जीप विकली. वूफरचं खोकं आधीच उंदरांनी खाल्लं होतं. अ‍ॅम्प्लिफायर तेवढा वहिनींनी काढून घेतला आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि आम्हीही कधी विषय काढला नाही.

गेल्या वर्षी भाच्याला एमआयडीसीत नोकरी लागली. हप्त्यावर जुनी मारुती घेतली आणि स्वारी पहिली माळ्यावर चढली. वहिनी एवढंच म्हणाल्या, "ने. पण बिघडवू नकोस."

पोरच ते! वडिलांनी एक वूफर लावला होता, तर आपण दोन लावायचे. "बाबांकडं तेव्हा पैसे नव्हते गं आत्या, म्हणून एकच." दुकानदारानं बारा इंची दोन वूफर गळ्यात मारले, तासाभरात बसवूनही दिले.

त्याच रात्री नऊच्या सुमाराला भाचा आमच्या दारात उभा. तोंड उतरलेलं, काखेत लुगड्याचं बोचकं. "आत्या, बाबांचा अ‍ॅम्प जळला. आईला कसं सांगू?" दोन गाणी वाजली, पेटी तव्यासारखी तापली, लाल दिवा लागला आणि सगळं गप्प. जळका वासही आला. दुकानदार म्हणाला, भंगार आहे, फेकून द्या, नवा घ्या.

आमचे हेसुद्धा म्हणाले, "जवळजवळ वीस वर्षांचा डबा तो. किती चालणार?" मला यंत्रातलं कळत नाही, पण वहिनींच्या मनातलं कळतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बोचकं घेऊन मी मंडईमागच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. भाच्यालाही वूफर घेऊन बोलावलं.

अ‍ॅम्प्लिफायरवरचं कंपनीचं नाव घासून गेलेलं, मागची चिठ्ठी निम्मी फाटलेली. सोनेरी अक्षरांत '1000 वॅट' तेवढं ठसठशीत उरलेलं. मी म्हटलं, "काका, हा कुठला, कसला, काहीच कळत नाही."

काका म्हणाले, "ताई, नाव पुसलं म्हणून काय झालं? त्याचा फ्यूज बघा." बाजूला हिरवा फ्यूज होता, 30 अँपियरचा. "गाडीची बॅटरी 12 व्होल्टची. गाडी चालू असली, की चौदाच्या आसपास. आता तुम्हीच गुणाकार करा."

केला. तीस गुणिले चौदा, चारशे वीस. म्हणजे हा गडी सतत खाणार जास्तीत जास्त चारशे वॅट, आणि या जुन्या, जड धाटणीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्यातले निम्मे उष्णतेतच जातात. हाती लागणार दोनशेच्या आसपास. मग हजार कुठून आले? "ते क्षणभराचे, नाहीतर नुसते छापण्याचे," काका म्हणाले. अहो, स्थळाच्या पगाराच्या आकड्यासारखंच झालं हे! ऐकायचा एक, हातात पडायचा दुसरा. वूफरच्या खोक्यावरही '1200' लिहिलं होतं. काकांनी खालची बारीक ओळ दाखवली: आरएमएस 250. सतत किती पेलेल तो खरा आकडा हा, घेताना तोच बघायचा.

मग स्पीकरच्या वायरी जोडायचे चार स्क्रू दाखवले. डावीकडचे दोन, उजवीकडचे दोन, म्हणजे दोन चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर. डावीकडचा अधिक आणि उजवीकडचा उणे यांना जोडणारी बारीक रेघ खाली छापलेली होती. तिला 'ब्रिज' म्हणतात. म्हणजे दोन्ही चॅनेलनी मिळून एकच ओझं उचलायचं. यात गोम अशी, की वूफर चार ओहमचा असला, तर प्रत्येक चॅनेलला तो दोनचाच वाटतो. ओहम जितके कमी, तितकी वीज जास्त ओढली जाते, तितका ताण जास्त. या पठडीतले बहुतेक अ‍ॅम्प्लिफायर ब्रिजवर चारच्या खाली उतरू द्यायचे नसतात.

काकांनी मीटर लावला. एक वूफर 3.4 दाखवत होता. चार ओहमचा वूफर मीटरवर थोडा कमीच दिसतो म्हणे. दोन्ही वूफर दुकानदारानं जोडले होते तसे जोडले, तर काटा 1.7 वर! तेव्हा मला आमच्या नववीच्या पुस्तकातला धाराविद्युतचा धडा आठवला. एकसर जोडणीत रोधांची बेरीज होते, समांतर जोडणीत रोध घटतो. चार आणि चार समांतर जोडले, की दोन. म्हणजे दोन वूफर लावून पोरानं अ‍ॅम्प्लिफायरवर दुप्पट भार टाकला होता. माझ्या मिक्सरचं लाल बटण उडतं, तेच इथं झालं होतं. तो लाल दिवा म्हणजे मरण नव्हे, "मला झेपत नाही" एवढंच त्याचं म्हणणं.

(हा नियम शोधणारा जॉर्ज सायमन ओहम जर्मनीतला शाळामास्तर होता. 1827 साली त्यानं तो मांडला, तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 1841 साली इंग्लंडच्या रॉयल सोसायटीनं त्याला पदक दिलं. मास्तरांचं कौतुक उशिराच होतं, बायांनो!)

काकांनी झाकण उघडलं. आतले कपॅसिटर फुगलेले नव्हते, काही करपलं नव्हतं. वास आला होता तो दुकानदारानं टाकलेल्या बारीक वायरीचा. झाकण लावून पेटी पालथी केली, कोरड्या फडक्यानं धूळ पुसली, आणि काका थांबले. पत्र्यावर लाल रंगात, दादाच्या तिरक्या अक्षरांत लिहिलं होतं, '4 च्या खाली नको.'

भाचा बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे बाबांना माहीत होतं."

माहीत होतं बाळा. पैसे नव्हते हेही खरं असेल, पण एकच लावला तो समजून.

पुढचं काम सोपं होतं. काकांनी विचारलं, "दोन्ही लावायचे तर एकसर जोडू, आठ होतील. अ‍ॅम्पला धोका नाही, पण जोर निम्मा. काय करू?" भाचा म्हणाला, "एकच लावा." दुसरा त्यानं मित्राला विकला. वायर जाड घातली. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत वायरीलाही फ्यूज बसवला. मैत्रिणींनो, तुमच्या घरच्या गाडीत असलं काही बसवलं असेल, तर हे एवढं जरूर बघा. तो फ्यूज नसला आणि वायर पत्र्याला घासून सोलली, तर गाडी पेटायला वेळ लागत नाही. आणि अ‍ॅम्प्लिफायरवरचं 'गेन'चं बटण हे आवाज वाढवायचं बटण नव्हे. ते पिळून ठेवलं, की आवाज फाटतो आणि वूफर जळतो.

रविवारी गाडी दारात उभी राहिली. वहिनींना आम्ही सगळं सांगितलं, लपवलं नाही. त्या पदर सावरत पुढच्या सीटवर येऊन बसल्या. भाच्यानं दादाच्या आवडीचं गाणं लावलं. पायाखालची गाडी हलकेच थरथरली. वहिनी काचेतून समोर बघत बसल्या होत्या. गाणं संपलं, तशी मी त्यांना लाल अक्षरांचं सांगितलं.

"लाल?" त्या माझ्याकडे वळल्या. "वन्सं, माझी नेलपॉलिशची बाटली होती ती! आठवडाभर शोधत होते मी. विचारलं तर म्हणे, मला काय माहीत."

हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग लेकाला म्हणाल्या, "लाव परत. आणि आवाज जरा वाढव."