माळव्याची वाट

पहाटे साडेपाचला रावेतच्या उंच इमारतींत एखाददुसराच दिवा लागलेला असतो. खाली रस्त्याच्या कडेला मात्र ‘छोटा हत्ती’ टेम्पो येऊन थांबलेला असतो. हौद्यात टोमॅटोचे क्रेट, फ्लॉवरची पोती आणि ओल्या गोणपाटाखाली मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या. विकणारी बाई जुड्या उतरवून घेते, एकेक झटकते, पाण्याचा हबका मारते. मुळांना चिकटलेली माती अजून ओलीच असते. ही माती रावेतची नसते. माल चाकणच्या नाहीतर मोशीच्या बाजारातून आलेला असतो, आणि माती त्याच्याही पलीकडच्या कुठल्यातरी वाफ्यातली.

रावेत पवनेच्या काठचं गाव. १९९७ साली आसपासच्या गावांबरोबर ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. नांगर चालत होता तिथं आधी आखणीचे दगड आले, मग रस्ते, मग मजले. जिथून माळवं बाहेर पडायचं, तिथं ते आता बाहेरून येतं.

नदी मात्र जागची हलली नाही. पवना धरणातून सोडलेलं पाणी मावळातून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापाशी येतं. तिथं ते उपसलं जातं, निगडीला शुद्ध होतं आणि शहराच्या नळांना जातं. वाटेतली शेतंही याच पाण्यावर भिजतात. हे पाणी धरणातून थेट बंद नळानं शहरात न्यायचं ठरलं, तेव्हा मावळातला शेतकरी रस्त्यावर उतरला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. शहराची तहान आणि शहराची भाजी एकाच नदीवर अवलंबून आहेत, हे त्या दिवशी फार क्रूरपणे समोर आलं.

शहर वाढलं की त्याचा बाजारही जागा बदलतो. पुण्यात हे आधीच घडून गेलं होतं. एकेकाळी पुण्याची भाजी शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या पटांगणात विकली जाई. उन्हापावसात, जमिनीवर फडकी पसरून. नगरपालिकेनं त्यासाठी शुक्रवार पेठेत दगडी इमारत उभारली. १८८६ साली ती खुली झाली आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. अष्टकोनी मध्यभाग, त्यावर उंच निमुळता मनोरा. गाजर-मुळ्याच्या डोक्यावर असं राजेशाही छत पुण्यानं तोवर पाहिलं नव्हतं.

या खर्चाला विरोध करणारा एक सभासद नगरपालिकेत होता. जोतीराव फुले. १८७६ ते १८८२ या काळात ते तिथं होते, आणि हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असं त्यांचं म्हणणं होतं. बाजार त्यांना नकोसा होता असं नव्हे. उलट तो त्यांना आतून ठाऊक होता. १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी गाडीभर माळवं घेऊन शहरात आलेल्या शेतकऱ्याचा हिशेब मांडला आहे. काही दलाल खातात, काही जकात खाते, आणि गाडीभाडं तो आपल्या खिशातून भरून रिकाम्या हातानं घरी जातो. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं त्याच मंडईला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. आज कोथिंबीर घ्यायला मंडईत जाणारा पुणेकर ते नाव सहज उच्चारतो. त्या नावामागचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही.

मंडईला पेठा अपुऱ्या पडू लागल्या, तसा घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. बाजार समित्यांसाठी १९६३ चा कायदा आला. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची जुनी रीत मोडून उघड लिलाव व्हावा, तोल चोख व्हावा, असा त्यामागचा हेतू. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या कागदाला बाजारात ‘पट्टी’ म्हणतात. वर मालाचा भाव, खाली वजावट: हमाली, तोलाई, भाडं, आणि २०१६ पर्यंत आडतही. शेवटच्या ओळीतला आकडा म्हणजे तीन महिन्यांचं पाणी, खुरपणी आणि फवारणी.

त्या वजावटीतल्या हमालीच्या ओळीमागेही एक माणूस उभा असतो. पाठीवर पोतं घेऊन धावणाऱ्या या माणसाला कष्टकरी म्हणून हक्क मिळावेत, यासाठी बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली. १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. १९७४ पासून हमाल पंचायतीची ‘कष्टाची भाकर’ ही केंद्रं स्वस्तात पोटभर जेवण देऊ लागली. बाजाराचा इतिहास इमारतींइतकाच या भाकरीतही आहे.

इकडे उत्तरेला चाकणचा बाजार आपल्या मापानं मोठा होत राहिला. खेड बाजार समितीच्या या आवारालाही महात्मा फुले यांचंच नाव आहे. शनिवार हा इथला बाजाराचा वार. कांदा, बटाटा, लसूण, हिरवी मिरची यांचे ढीग, शिवाय जनावरांचा बाजार. फळभाज्यांचा भाव दहा किलोला बोलतात, पालेभाज्यांचा जुड्यांच्या शेकड्यावर. बाहेरच्या रस्त्यावर गाड्यांच्या कारखान्यांकडे जाणारे कंटेनर आणि कांद्याचे ट्रॅक्टर एकाच कोंडीत अडकतात. रावेतला येणारा तो छोटा हत्तीही याच पट्ट्याचं लेकरू: टाटांनी २००५ साली बाजारात आणलेलं हे वाहन सुरुवातीला पुण्यातच तयार होत होतं.

२०१६ साली राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक दिली आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. पट्टीवरची एक ओळ पुसली गेली. त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजारांचं अभियान सुरू झालं. अरणच्या त्या संताला मळ्यातल्या पिकातच विठ्ठल दिसला होता. सोसायटीच्या फाटकाशी लागणाऱ्या अशा बाजारात गिऱ्हाईक शेतकऱ्याला थेट विचारतं, मेथी कुठली, कधी काढली. त्या प्रश्नानं जुडीला पुन्हा गाव मिळतं.

रावेतमध्ये संध्याकाळी दिवे लागतात. कचेरीतून परतणारे रस्त्याकडेला गाडी लावून भाजी घेतात. बाई उरलेल्या जुड्या मोजते, गोणपाट पुन्हा ओलं करते आणि फोनवर उद्याचा माल सांगते. त्याच वेळी खेडच्या बाजूला कुठल्यातरी शिवारात मेथी उपटणं चालू असतं. माती झटकत, मूठमूठ जुळवत बायका जुड्या बांधतात आणि बांधावर रचून ठेवतात. टेम्पो यायला अजून वेळ असतो, आणि उद्या भाव काय निघेल याची बोलणी अंधार पडला तरी संपत नाहीत.