एक इंचाचा लाल ठोकळा

लांबी एक इंच, रुंदी एक इंच, उंची एक इंच, रंग लाल. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बालविकास केंद्रात आर्नोल्ड गेसेल यांनी बाळांच्या पुढ्यात ठेवला तो असाच होता. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आमच्या कापडी पिशवीत होते तेही असेच, आणि अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे या गावात माझ्या शिवणाच्या डब्यात आहे तोही असाच. खेळणं म्हणाल तर त्यात काही नाही. त्याला चाक नाही, त्याचा आवाज नाही. जत्रेत मांडला तर कोणी वळूनही बघणार नाही.

पण सहा महिन्यांच्या बाळापुढे तो ठेवा आणि गप्प बसा. आधी ते नुसतं बघतं. मग अख्खा पंजा त्यावर आपटतं आणि तळव्यात धरून तोंडात घालतं. थोडं मोठं झालं की या हातातून त्या हातात घेतं. आणखी काही महिन्यांनी तळवा मागे सरतो आणि अंगठा नि बोटांची टोकं पुढे येतात. पहिल्या वाढदिवसाच्या सुमाराला दोन ठोकळे एकमेकांवर आपटून झालेले असतात, आणि सव्वा वर्षाच्या आसपास एके दिवशी ते एकावर दुसरा ठेवतं आणि हात सोडतं. अवघड आहे ते सोडणं. नेमक्या वेळी बोटं उघडायची हे बाळाला शिकावं लागतं.

हे सगळं मी शिकले ते ऐंशीच्या दशकात. आमच्याकडे तेव्हा होम सायन्स म्हणजे लोणची-मुरंबे आणि भरतकाम. त्यातही एम. एस्सी. करायला मुलगी बडोद्याला निघाली म्हटल्यावर धामणगावचं आमचं अर्धं दत्तापूर घरी येऊन चौकशी करून गेलं. जायचं तसं सोपं होतं. बडनेऱ्याहून अहमदाबादकडची गाडी धरायची, भुसावळला तिने तापीकाठ धरला की सुरतेपर्यंत झोप काढायची. आणि बडोद्यात मराठी ऐकायला येतंच, ती गायकवाडांची कृपा. विद्यापीठ 1949 सालचं. हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू, आणि मुलींना गृहविज्ञान शास्त्र म्हणून शिकवायचं हा त्यांचा आग्रह. (आमच्या जिल्ह्याचं आणि गुजरातचं या बाबतीतलं नातं त्याहून जुनं. ताराबाई मोडक लग्न होऊन अमरावतीला आल्या होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्तीत बालशिक्षणात उतरल्या, आणि तिथून बोर्डी-कोसबाड. अमरावतीत त्यांची आठवण कोणी फारशी काढत नाही, याची मला खंत आहे.)

आमच्या बालविकास विभागाची प्रयोगशाळा म्हणजे चेतन बालवाडी. काचनळ्या नाहीत, बर्नर नाही. वाळू, पाणी, झोके आणि मुलं. आम्ही वही घेऊन कोपऱ्यात बसायचं आणि दिसेल ते लिहायचं. ‘मूल रागावलं’ असं लिहिलं की बाई लाल पेनाने खोडायच्या. राग तुम्हाला दिसला का? दिसलं काय ते लिहा: ओठ आवळले, डबा ढकलला, पाठ फिरवली. लिहिण्याबद्दल इतकं उपयोगी मला पुढे कोणी काही सांगितलं नाही.

त्याहून लहान बाळांसाठी ती पिशवी. खुळखुळा, घंटी, कप, दोरी बांधलेली कडी आणि ठोकळे. बाळाच्या वाढीच्या या मोजमापाला आम्ही ‘बडोदा नॉर्म्स’ म्हणायचो. ते काम माझ्या आधीच्या पिढीचं. नॅन्सी बेली यांच्या अमेरिकन चाचण्या घेऊन डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्याची बाळं एक महिन्यापासून तीस महिन्यांपर्यंत तपासली आणि 1970 साली त्याचा अहवाल आला. अमेरिकेतलं बाळ कधी बसतं ते पुस्तकात होतं, आपलं कधी बसतं हे आता कळलं. यातूनच पुढे ‘डासी’ नावाची मापनपट्टी झाली. हालचालींच्या 67 आणि बुद्धीच्या 163 बाबी, मिळून 230. इतकं तपासायला वेळ कुणाला, म्हणून फाटकबाईंनीच 54 बाबींची छोटी चाचणी काढली, आणि त्रिवेंद्रमच्या डॉक्टरांनी बडोदा नॉर्म्समधूनच 17 बाबींचा तक्ता केला. फाटकबाईंच्या छोट्या चाचणीत निम्मी मुलं ज्या वयाला एखादी गोष्ट करतात ती एक रेघ; शंभरातली सत्त्याण्णव करतात ती दुसरी. दुसरी रेघ ओलांडूनही जमलं नाही, तर त्या बाळाकडे नीट बघायचं. घाबरायचं नाही, पण थांबायचंही नाही.

कागदावर हे दोन ओळींत मावतं. प्रत्यक्षात बाळ भुकेलं असतं, झोपेला आलेलं असतं, आजी दारात उभी राहून ‘कालच तर केलं होतं की’ म्हणत असते. ‘काल केलं’ याला तक्त्यात खूण नाही. बाळ आईच्या मांडीवर, ठोकळा त्याच्या हाताच्या टप्प्यात आणि आपले हात आपल्या मांडीवर. मदत करायची नाही. मी वऱ्हाडातली, पाहुण्याच्या ताटात न विचारता वाढायची सवय असलेली. मला हेच सगळ्यात जड गेलं.

सुट्टीत घरी आले तेव्हा आजीने पिशवीतले ठोकळे हातात घेऊन उलटेसुलटे केले. “काहून वं, एवढ्या दूर जाऊन लाकडाचे तुकडेच मोजतं का तू?” मी समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि ओसरीवर सांडलेल्या सरकीकडे बोट दाखवलं. शेजारचं दहा-अकरा महिन्यांचं लेकरू तिथे रांगत होतं आणि अंगठा नि तर्जनीच्या चिमटीत एकेक सरकी उचलत होतं. आमच्या चाचणीत चिमटीसाठी बारीक गोळी असते. आजी म्हणाली, “याले तुये ठोकळे कायले पायजेत?” प्रश्न बिनतोड होता. शहरातल्या बाळांवरून काढलेल्या रेघा कापसाच्या गावातल्या बाळांना लावताना तो मी कायम समोर ठेवला.

शिकून आल्यावर जवळच्या एका महाविद्यालयात शिकवू लागले. तिथे चाचणीचं साहित्य कुलूपबंद कपाटात असे आणि किल्ली भलत्याच माणसाकडे. शेवटी सुताराकडे गेले. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

“इंच म्हंजे इंचच पायजे का, का अंदाजानं चालते?”

“अंदाजानं चाललं असतं, तं तुमच्याकडं कायले आली असती?”

तो हसला. सागवानाचे उरलेले तुकडे काढले, रंधा मारला, प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावला. मग काचपेपरने कडा अशा मोडल्या की गालावर फिरवला तरी ओरखडा येऊ नये. ऑइलपेंट नको म्हणाले, कारण पहिल्यांदा जातो तो तोंडातच. खायचा लाल रंग आणि वरून लाखेचं पॉलिश. पैसे द्यायला गेले तर म्हणाला, बैलाचे घेईन, याचे काय घ्यायचे? मी दिलेच. माझ्या विद्यार्थिनी अंगणवाड्यांत आणि वस्त्यांवर गेल्या त्या हेच ठोकळे घेऊन. एकात्मिक बालविकास योजना 1975 साली देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली, त्यात आमच्या जिल्ह्यातली मेळघाटची धारणी होती. आमच्या पोरींना कामाला जागा कमी नव्हती.

बडोद्याच्या मैत्रिणींचं काय झालं? एक बँकेत गेली, तिला हेवा वाटावा असं पेन्शन आहे. एक सासरच्या साडीच्या दुकानात बसते आणि गिऱ्हाईक कधी उठणार हे आधी ओळखते, ते शिक्षण बालवाडीचंच. एकीने खरोखर संशोधन केलं. बाकीच्यांनी पदवी फ्रेम करून ठेवली आणि स्वतःची मुलं वाढवली. ‘शिक्षण वाया घालवलं’ असं त्यांना ऐकवलं जातं तेव्हा माझं डोकं फिरतं. देशभर वापरली जाणारी मापनपट्टी असल्याच मुलींनी दारोदार जाऊन, आयांच्या वेळा सांभाळून भरलेल्या तक्त्यांवर उभी असते.

नात्यातली एक सून आठव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ दोन आठवडे काचेच्या पेटीत होतं. पुढे दर काही महिन्यांनी त्याला तपासायला अमरावतीला न्यायचं, मी सोबत जायची. तिथल्या थेरपिस्ट मुलीने सतरंजी पसरली, पेटी उघडली आणि लाल ठोकळा बाहेर काढला. फॉर्मवर ‘डासी’ छापलेलं. वय मोजताना लवकर जन्माचे आठवडे तिने वजा केले, बाळ दचकणार नाही इतकं सावकाश काम केलं आणि स्वतःचे हात मांडीवर ठेवले. सून पुढे सरसावली, तशी ती म्हणाली, “ताई, थांबा. त्याला करू द्या.”

तपासणी झाल्यावर मी त्या थेरपिस्ट मुलीला विचारलं, ही पट्टी कुणी केली माहीत आहे का? “पुण्याची आहे ना?” ती म्हणाली. चूक नव्हती, 1997 ची सुधारित आवृत्ती पुण्याचीच. बडोदा तिला ठाऊक नव्हतं, आणि फाटकबाईंचं नाव तिने पेटीतल्या पुस्तिकेवर तेवढं वाचलं होतं.

त्या सुधारणेलाही आता पाव शतक उलटून गेलं. बाळांच्या हातात मोबाइल आला आहे, मात्र वेचणीच्या दिवसांत आई शेतात आणि लेकरू झोळीत हे अजून आहेच. तक्ते पुन्हा भरायला हवेत, आणि या वेळी गावांतही. हे काम विद्यार्थिनींकडूनच होईल, दुसरं कोणी करणार नाही.

बडोदा, परभणी, नागपूर, जुहू, कुठल्याही बालविकास विभागात शिकलेल्या बायांना माझी एक विनंती आहे. माळ्यावर तुमच्या निरीक्षणाच्या वह्या असतील. दिवाळीच्या सफाईत त्या रद्दीवाल्याला देऊ नका. पहिल्या पानावर गाव आणि साल लिहा, बाळांची आणि आयांची नावं झाका, आणि आपापल्या विभागात नेऊन द्या. विभागाने घ्यायला नाही म्हटलं, तर धामणगावला माझ्याकडे पाठवा.