बुडालेली उचल

दसरा झाला की सिंदफणेच्या काठची आमची गावं रिकामी व्हायला लागतात. म्हातारीकोतारी माणसं आणि शाळेतली पोरं मागं राहतात. बाकीचे बिऱ्हाड बांधून सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर जातात. मी बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातला मुकादम. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, आणि कोयत्याला पावसाळ्यातच उचल दिलेली असते. कारखान्याच्या करारावर सही माझी. मजूर आला नाही, तर कारखाना मजुराच्या दारात जात नाही, माझ्या दारात येतो.

तालुक्यात आमच्यासारखी ख्रिस्ती घरं थोडीच. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं. तिकडच्या नात्यागोत्यातून आमच्या घरात प्रभूचं नाव आलं. आईला अक्षरओळख नव्हती, पण ती माझ्याकडून पवित्र शास्त्र वाचून घ्यायची, आणि मत्तयाचा अठरावा अध्याय तर पुन्हा पुन्हा.

एका हंगामात टोळीची गाडी निघायच्या पहाटे एका कोयत्याच्या घराला कुलूप दिसलं. लाखभराची उचल गेली. बाकीचे मुकादम म्हणाले, दोन माणसं घे, जीप घे आणि टाक उचलून. आमच्या धंद्यात हे नवं नाही. पत्ता काढत मी एकटाच गेलो. पुण्याच्या बाहेर एका बांधकामावर पत्र्याच्या खोलीत ते सापडले.

बाई घमेलं पालथं घालून त्यावर बसली होती, एक हात ओटीपोटावर. गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं. उचल त्यातच संपली होती. नवरा हात जोडून उभा राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मुकादम, पैसं न्हाईत. ह्या पोराला ठिवून घ्या. फिटंस्तवर तुमची शेरडं राखील." पोरगं दाराशी उभं होतं. अंगात शाळेचा निळा शर्ट, वरचं बटण तुटलेलं, आणि कडेवर धाकटी बहीण. बापाचं बोलणं त्याला कळलं होतं, कारण त्यानं बहिणीला खाली ठेवलं आणि चप्पल शोधायला लागला.

ती चप्पल शोधणं मला बघवलं नाही. आईचा तो अध्याय आठवला. राजानं ज्याचं अफाट कर्ज सोडलं, त्याच चाकरानं बाहेर पडून सोबत्याचा गळा धरला, शंभर दिनारांसाठी. प्रवचनात ही रक्कम क्षुल्लक म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. एक दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराचा एका दिवसाचा रोज. शंभर दिवसांचा रोज म्हणजे आमच्याकडे बहुतेक सगळा हंगामच. ती रक्कम सोडणाऱ्याचं खरंच नुकसान होतं, आणि प्रभू ते जाणूनच मागतो.

मी म्हणालो, "पोराला शाळेत घाल. तुझ्याकडं माझं काही नाही."

कारखान्याचे पैसे मी भरले. एक दुभती गाय विकली, उरलेलं पतसंस्थेतून काढलं. घरी बायकोनं विचारलं, "दया करायची ती आपल्या लेकरांच्या ताटातून का?" तिचा प्रश्न खरा होता. त्या रात्री आम्ही दोघांनी नुसती प्रार्थना केली, वाद घातला नाही. हप्ते मात्र पुढे तिनंच माझ्याबरोबर फेडले.

पुढच्या हंगामात तोच गडी दुसऱ्या मुकादमाकडून उचल घेऊन गेला. बाजारात भेटला तर मान फिरवून निघून गेला. लोक म्हणाले, घे, कर दया! खरी परीक्षा मला इथं वाटली. खोलीत माफ करणं सोपं गेलं, कारण समोर ते पोरगं होतं. बाजारात समोर काहीच नव्हतं, नुसता माझा राग होता. पेत्रानं प्रभूला विचारलं होतं, भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा का? ते त्यानं का विचारलं असेल, ते त्या दिवशी कळलं. मला त्याच एका उचलीची क्षमा कितीदा तरी नव्यानं करावी लागली.

हिशेब मी सोडलेला नाही. उचल वहीत लिहितो, टोळीसमोर वाचून दाखवतो. पण आजारी बाईचा खाडा लावत नाही. कामाचा दिवस बुडाला की दंड, या भीतीनं बायका दुखणं अंगावर काढतात आणि मग पिशवीच काढून टाकतात. २०१९ साली सरकारी समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. त्यांतल्या किती जणी कुणाच्या ना कुणाच्या टोळीत होत्या, ते आम्हा मुकादमांनी सांगायची गरज नाही.

माझ्या मुकादम भावांनो, यंदा उचल वाटताना दोन गोष्टी सगळ्यांदेखत बोला: आजारपणाचा खाडा लागणार नाही, आणि पैसे बुडाले तरी कुणाचं लेकरू ओलीस राहणार नाही. वेठबिगारीला १९७६ पासून कायद्यानं बंदी आहे. ज्यांच्या घरात पवित्र शास्त्र आहे, त्यांनी तर कायद्याची वाटही बघू नये.