फडाची वही, गाळ्याची वही

कला व्यवस्थापनात एम.ए. करताना लघुप्रबंध तमाशावरच करायचा, हे माझं पहिल्यापासून पक्कं होतं. पण तमाशावर म्हणजे नेमकं कशावर, ते ठरेना. मी एकेक विषय घेऊन जायचे, माझ्या मार्गदर्शक मॅडम शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, ‘‘यात प्रश्न कुठे आहे?’’ गण, गवळण, बतावणी, वग यांची मांडणी, लावणीचे प्रकार, तमाशातल्या बाईच्या वाट्याला आलेलं जातीचं ओझं या सगळ्यावर रुस्तुम अचलखांबांपासून शैलजा पाईक यांच्यापर्यंत जाणत्या माणसांनी लिहून ठेवलंय. ‘‘तू व्यवस्थापनाची विद्यार्थिनी आहेस. पैसा आधी कुणाच्या खिशातून जातो आणि शेवटी कुणाच्या हातात येतो, तेवढं मला दाखव.’’

हा प्रश्न मला परका नव्हता. आमचं घर पुण्यातल्या मार्केट यार्डापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि वडील कांदा-बटाटा विभागात एका आडत्याकडे दिवाणजी आहेत. पहाटे गाड्या लागतात, हमाल गोण्या उतरवतात, बोली होते, काटा होतो आणि मग वडील पट्टी करायला बसतात. वर शेतकऱ्याचं नाव-गाव, खाली गोण्या, वजन, भाव आणि त्यातून वजा हमाली, तोलाई, गाडीभाडं. २०१६ साली आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं, तेव्हा पट्टीवरचा तो आकडा गेला. पण पट्टीबुकाशेजारी एक लांबट वही असते, तिला कुठल्याच नियमानं हात लागलेला नाही. पेरणीच्या, लागवडीच्या वेळी अडलेल्या शेतकऱ्याला दिलेली उचल त्या वहीत असते. पैसे आज जातात, माल चार-सहा महिन्यांनी येतो आणि मधल्या काळात पाऊस, रोग, भाव या सगळ्याचा घोर दोघांनाही. एकदा बोलता बोलता ही वही मी मॅडमना सांगितली. त्या म्हणाल्या, ‘‘तमाशाच्या फडातही अशी वही असणार. ती शोध.’’ माझा प्रबंध खरा त्या दिवशी सुरू झाला.

शोध घ्यायचा तर नारायणगावला जायला हवं. पुणे-नाशिक रस्त्यावर पुण्यापासून पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटरवरचं हे गाव दोन बाजारांसाठी ओळखलं जातं, टोमॅटोच्या आणि तमाशाच्या. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या येऊन आपल्या यात्रेसाठी तमाशा ठरवून जातात. एकट्या मुलीला तिथे कोण हिशेब दाखवणार? वाट मिळाली ती गाळ्यावरूनच. जुन्नरकडचे एक शेतकरी वर्षानुवर्षं वडिलांच्या गाळ्यावर कांदा लावतात आणि ते त्यांच्या गावच्या यात्रा कमिटीतही आहेत. वडिलांनी शब्द टाकला आणि ते म्हणाले, ‘‘आमच्याबरोबर चल पोरी, बोलणी होतात ती बघ.’’

राहुटी म्हणजे पत्र्याचं किंवा कापडाचं छप्पर, दर्शनी भागाला फडमालकाचं नाव आणि कलावंतांचे फोटो असलेला मोठा फलक, आत लोखंडी पलंग, खुर्च्या, एक टेबल. टेबलावर पंचांग आणि जाडजूड डायरी. कमिटीची पाच-सहा माणसं आत आली, पाणी झालं, चहा झाला आणि व्यवस्थापकांनी पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता. ‘‘तिथी कोणती?’’ एवढंच त्यांनी विचारलं आणि डायरी उघडली.

सगळा भाव त्या तिथीवर ठरतो, हे मला तिथे बसून कळलं. यात्रा इंग्रजी तारखेला होत नाही, ग्रामदैवताच्या तिथीला होते. चैत्री पौर्णिमेला कितीतरी गावांत एकाच दिवशी पालखी निघते. त्या रात्रीसाठी चांगल्या फडावर चार-चार कमिट्या टपलेल्या असतात आणि सुपारी चढत जाते. मधल्या एखाद्या आडदिवशी मात्र तोच फड निम्म्या रकमेलाही तयार होतो, कारण रिकामी गेलेली रात्र ही दुपारपर्यंत न खपलेल्या कोथिंबिरीच्या जुडीसारखी असते. ती उद्यासाठी ठेवता येत नाही. कमिटीचे लोकही काही कच्चे नव्हते. ‘‘यंदा कांद्याला भाव नाही, वर्गणी कमी आली,’’ असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. ती नुसती घासाघीस नव्हती, कारण त्या हंगामातल्या पट्ट्या मी घरी पाहिल्या होत्या. मार्केट यार्डात कांदा पडला की त्याचा धक्का घाटापलीकडच्या गावात तमाशाच्या सुपारीला बसतो, हे मी पुढे त्याच कमिटीच्या जुन्या वर्गणीच्या वह्या आणि गाळ्यावरच्या पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवून मांडलं. प्रबंधातलं ते प्रकरण मला सगळ्यांत जवळचं आहे.

आता पैशाची उलटी बाजू. फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो. त्याआधी पावसाळ्यात नवा वग बसवायचा, कपडेपट करायचा, गाड्या, जनरेटर, कनाती दुरुस्त करायच्या. आणि सगळ्यांत मोठा खर्च म्हणजे कलावंतांची उचल. मोठ्या फडात वादक, नर्तिका, सोंगाड्या, वगातले नट, बिगारी, ड्रायव्हर, आचारी धरून शंभराच्या आसपास माणसं असतात. त्यांतल्या बहुतेकांना हंगाम धरण्याआधी घरी देण्यासाठी रोख रक्कम लागते. ती पुढे पगारातून वळती होते. म्हणजे फडमालकाचा पैसा श्रावण-भाद्रपदात जातो आणि खरी कमाई येते चैत्र-वैशाखात. मधे तंबू लावून तिकिटावर खेळ होतात, पण त्यांत रोजचा खर्च निघाला तरी पुष्कळ. ही दरी भरायची कशानं? बँक दारात उभी करत नाही, म्हणून खासगी सावकाराच्या व्याजानं.

कलावंत बायकांशी बोलणं हा प्रबंधाचा सर्वांत नाजूक भाग होता. मॅडमनी आधीच बजावलं होतं, ‘‘त्यांच्या खासगी आयुष्यात डोकवायला तू जात नाहीस. कामाचं विचार, मजुरीचं विचार.’’ विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे मी संमतिपत्र छापून नेलं होतं. एका ज्येष्ठ नर्तिकेनं ते हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि परत माझ्यापुढे सरकवलं. ‘‘बाई, बोलायचं तेवढं बोलते. सही नाही करायची. सही केली की फेडावं लागतं.’’ त्यांच्या आयुष्यात कागदावर अंगठा किंवा सही मागितली गेली ती फक्त उचल घेतानाच. मी मॅडमना फोन केला. त्यांनी एक क्षणही न थांबता सांगितलं, ‘‘कागद बाजूला ठेव. तोंडी संमती घे आणि का घेतलीस ते प्रबंधात लिही.’’ नियमाच्या कलमापेक्षा समोरच्या माणसाची भीती मोठी मानणारा मार्गदर्शक मिळणं, हे मी माझं भाग्य समजते. त्या बाईंनी मग दुपारभर सांगितलं. कोणत्या वर्षी किती उचल होती, किती फिटली, किती पुढच्या हंगामावर गेली. त्यांची वही डोक्यात होती आणि फडाच्या डायरीशी ती जुळली.

२०२०चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभराची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. राहुट्यांत येऊन कमिट्यांनी सुपाऱ्या द्यायच्या तो नेमका काळ. कलावंतांच्या उचली देऊन झालेल्या होत्या, कर्जाचं व्याज चालू होतं आणि यात्राच रद्द झाल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ज्यांच्याशी मी बोलले त्या फडांत त्या दोन हंगामांचं ओझं अजून वहीत दिसतं.

मॅडमनी वाचायला लावलेल्या पुस्तकांत बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांचं १९६६चं पुस्तक होतं. कारखान्यात यंत्र आलं की कमी माणसांत जास्त माल निघतो, पण चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वीही चार माणसं लागत होती, आजही चारच लागतात. म्हणून जिवंत कलेचा खर्च सतत वाढत जातो, असं त्यांचं म्हणणं. ढोलकीवाला, हलगीवाला आणि तुणतुणेवाला यांनाही ते तंतोतंत लागू पडतं. पण बॉमोल-बोवेनच्या नाट्यसंस्थांना वर्षभराचं अंदाजपत्रक तरी होतं. इथे प्रश्न खर्च किती याइतकाच खर्च कधी, हा आहे. मसुद्यात मी हे दोन ओळींत लिहिलं होतं. मॅडमनी समासात पेन्सिलीनं ‘हेच वाढव’ असं लिहून पान परत केलं आणि त्या दोन ओळींचं शेवटचं प्रकरण झालं.

त्या प्रकरणात मी मांडलं की तमाशाला मदत करायची तर ती भाद्रपदात पोचली पाहिजे. राज्य सरकार विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं, हे योग्यच आहे. पण २००२ साली गेलेल्या विठाबाईंचे अखेरचे दिवस हलाखीत गेले, हेही महाराष्ट्राला ठाऊक आहे. उतारवयातल्या सन्मानाइतकंच हंगामाच्या तोंडाला मिळणारं खेळतं भांडवल मला महत्त्वाचं वाटतं. शेतकऱ्याला पेरणीआधी पीककर्ज मिळतं, तसं फडाला हंगामी कर्ज का मिळू नये?

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, ‘‘तारण काय?’’ मी म्हटलं, मागच्या वर्षांचे यात्रांचे करार. ‘‘आहेत?’’ मी गठ्ठा पुढे ठेवला. बहुतेक करार साध्या कागदावर, काहींवर सरपंचांचा शिक्का, काही तर वहीच्या फाडलेल्या पानावर. ते एकेक कागद बराच वेळ वाचत राहिले आणि म्हणाले, ‘‘यावर कुठली बँक पैसे देणार नाही. आधी करार नीट करा.’’

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पदवी हातात आल्यावरही मॅडम आणि मी त्यावरच काम करतोय. एका पानाचा छापील करारनामा तयार केलाय. त्यात तिथी आणि तारीख दोन्ही, सुपारीची रक्कम, इसार, जेवण-पाणी, बायकांसाठी कपडे बदलायची बंदिस्त जागा, बंदोबस्त कुणी करायचा, सगळं आहे. वडिलांनी तो वाचून एक सुधारणा सुचवली, गाडीभाडं वेगळं लिहा म्हणून. ती केली. दोन-तीन फडमालक येत्या पाडव्याला तो वापरून बघायला तयार आहेत. एका कलमावर मात्र कमिट्या आणि फड यांचं अजून जुळत नाही. यात्राच रद्द झाली तर दिलेला इसार कुणाचा? कमिटी म्हणते, ती गावाची वर्गणी आहे. फडमालक म्हणतात, त्या रात्रीसाठी आम्ही दुसरं गाव सोडलेलं असतं. मी निम्मा-निम्मा असं लिहून पाहिलंय. त्यावर दोन्ही बाजूंना एकत्र बसवायचं आहे.