सांगलीचा शेजवान, महाबळेश्वरचा बटाटा

सांगलीच्या विश्रामबागेत दिवेलागणीला रस्त्याच्या कडेला जाळ उठतो. काळी लोखंडी कढई, तिच्याखाली घोंघावणारा बर्नर, हातभर उंच उडून नेमका कढईतच परतणारा भात आणि पळी कडेवर आपटल्याचा खणखणाट. हा आवाज माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. सिंगापुरात आमच्या इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये एक चिनी काका याच लयीत नूडल्स परततात. सांगलीत ती लय एका नेपाळी पोराच्या मनगटात होती. तो कैलाली जिल्ह्यातून आलेला. गिऱ्हाईक त्याला 'भावा' म्हणत होतं, तो गिऱ्हाइकाला 'मालक' म्हणत होता आणि मी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून थक्क होऊन बघत होते.

मी मूळची यवतमाळची. लग्नानंतर समुद्रापार गेले आणि दक्षिण महाराष्ट्र पाहायचा राहूनच गेला. सातारा म्हणजे कंदी पेढे, सांगली म्हणजे हळद आणि भडंग, एवढीच माझी शिदोरी. या वेळी सांगलीकर मैत्रिणीनं आग्रहानं बोलावलं, आणि मी ठरवलं की या दोन जिल्ह्यांत परदेशी जेवण कसं मिळतं ते साध्यासुध्या ठिकाणी बसून खाऊन पाहायचं. मोठ्या हॉटेलांत शिरायचं नाही.

त्या गाडीवर वालचंद कॉलेजची पोरं घोळक्यानं उभी होती. "भावा, एक ट्रिपल, तिखट मार!" "हाफ नूडल्स, कोबी जास्त टाक." त्यांच्या शेजारी पांढरी टोपी, धोतर, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या अशा वेषातले एक आजोबा मंचुरियन-नूडल्सची प्लेट घेऊन बसले होते. तासगावकडचे, द्राक्षबागायतदार. नातवाला कॉलेजात सोडायला आले की इथे थांबतात. मी विचारलं, "आवडतं का हो तुम्हाला?" ते म्हणाले, "पोरं खात्यात म्हणून चाखलं. आता मलाच त्याबिगर करमंना." आणि त्यांनी पोराला हाक मारली, "लसूण घाल की जरा वरनं!"

हे 'लसूण घाल की' मला फार मोलाचं वाटतं. मंचुरियन जन्मलं तेच अशा मागणीतून. १९७५ साली मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात, कोलकात्यात वाढलेल्या नेल्सन वँग यांना गिऱ्हाइकांनी काहीतरी नवं मागितलं. त्यांनी हिरवी मिरची, आलं, लसूण असा आपल्या फोडणीचा ऐवज घेतला, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस ओतला आणि कॉर्नफ्लॉवर लावून दाट केलं. पन्नास वर्षांत ते मुंबईहून निघून सांगलीच्या हातगाडीवर आलं आणि इथे स्वस्त कोबीच्या गोळ्यात उतरलं. सिंगापुरातही उलट्या दिशेनं असंच घडलेलं आहे. तिथल्या भारतीय मुसलमान विक्रेत्यांनी चिन्यांच्या पिवळ्या नूडल्स घेतल्या, त्यांत टोमॅटो सॉस, तिखट आणि मटणाचे तुकडे घातले आणि 'मी गोरेंग' नावाचा लालभडक प्रकार केला. चीनमध्ये तो सापडणार नाही, भारतातही नाही. सिंगापुरात मात्र त्याच्यावाचून भारतीय जेवणाचं दुकान पुरं होत नाही.

आजोबांच्या हातातल्या त्या एका प्लेटीकडे मी बराच वेळ बघत होते. नूडल्स चीनच्या. मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेली. कोबी युरोपातला. अजिनोमोटो जपानचा, १९०८ साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं समुद्रशेवाळाच्या सारातून शोधलेल्या चवीचा. परतणारा हात नेपाळचा, कोबी पिकवणारा हात जवळच्याच रानातला. एवढं जग एका कागदी प्लेटीत, आणि खाणारा तासगावचा द्राक्षवाला.

शेजवान चटणीचं तर मला राहून राहून नवल वाटत राहिलं. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या जेवणाचा प्राण म्हणजे जिभेला मुंग्या आणणारे तांबूस दाणे. इथल्या चटणीत ते नसतात, लाल मिरची आणि लसूणच असतो. पण त्या दाण्यांचं सख्खं भावंड सह्याद्रीतच आहे! कोकणात बांगड्याच्या आमटीत जे तिरफळ पडतं, ते त्याच कुळातलं, झान्थॉक्झायलम कुळातलं. घाट उतरला की तिरफळाची झाडं. चिपळूणच्या बाजारात ते मिळतं आणि पाटणच्या घाटानं वर आलं की सातारा जिल्हा लागतो. या दोन जिल्ह्यांतल्या एखाद्या धाडसी आचाऱ्यानं शेजवान चटणीत चार तिरफळं ठेचून घालावीत, असं मला मनापासून वाटतं. सिचुआनच्या खऱ्या चवीला ती चटणी आजच्यापेक्षा कितीतरी जवळ जाईल आणि तिला कोकणचा वासही लागेल.

एक गोष्ट खटकली ती इथेच सांगते. काही गाड्यांवर मंचुरियनचा रंग डोळ्यांत खुपावा इतका लाल असतो. शेजारच्या कर्नाटकानं मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यांत कृत्रिम रंग घालायला बंदी केली, कारण तपासलेल्या नमुन्यांत घातक रंग सापडले होते. मिरजेपासून कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. तिकडे जे पोरांच्या पोटात जाऊ नये, ते इकडेही जाऊ नये. विश्रामबागेतल्या त्या नेपाळी पोराकडे रंगाची बाटलीच नव्हती. "बेडगी आहे ना ताई, रंग कशाला?" तो म्हणाला. बेडगी मिरची कर्नाटकातली, म्हणजे रंगाची सोयही शेजाऱ्याकडूनच झाली.

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या चौपाटीवर छत्रपतींच्या गादीच्या वाड्याला पाठ करून लोक पाणीपुरी, पावभाजी खातात, आणि त्याच रांगेत मोमोंची वाफ निघते, शोर्माचा उभा खांब फिरतो. तुर्कस्तान-सीरियाकडचा हा प्रकार अजिंक्यतारा किल्ल्याखाली कोबी, मेयोनीज आणि हिरव्या मिरचीनिशी रोटीत गुंडाळला जातो. चव ठीकच होती, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. मोमो मात्र उत्तम होते. पारी पातळ, सारण रसदार, आणि सोबतची लाल चटणी अशी जहाल की कानातून धूर निघावा. शेजारच्या बाकावरच्या एका बाईंनी माझी अवस्था पाहून न विचारता आपल्या हातातला अर्धा पेढा पुढे केला. "घ्या वहिनी, उतरंल."

पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलं की परदेशी जेवणाचा पोतच बदलतो. इथे जग हातगाडीवरून आलेलं नाही, शाळांतून आलेलं आहे. जॉन चेसन या इंग्रजानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे गाव वसवलं, सिल्व्हर ओकची झाडं लावली, आणि नंतर शाळांमागून शाळा उभ्या राहिल्या. झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा इथल्या सेंट पीटर्समध्ये शिकला. जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखतं. १९४५ साली बहाई लोकांनी न्यू एरा शाळा काढली आणि इराणी कुटुंबांचा राबता वाढला. दूरदेशच्या मुलांना दोन घास त्यांच्या ओळखीचे मिळावेत ही गरज या गावानं अनेक पिढ्या पाहिली आहे. म्हणून पाचगणीत साध्या हॉटेलातही पोळीच्या शेजारी पाव आणि ऑम्लेट इतक्या सहजपणे बसतात.

गुरेघरच्या मॅप्रो गार्डनमध्ये लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा खाल्ला. १९५९ साली पाचगणीत फळांचा जॅम करणारा लहानसा उद्योग म्हणून निघालेली ही कंपनी. आता तिथे पर्यटकांची जत्रा असते. भट्टीसमोर घामाघूम झालेला पोरगा जावळीतला, बोलणं अस्सल घाटावरचं, आणि लांब दांड्याच्या फळीनं पिझ्झा फिरवण्याची सफाई अशी की नेपल्सच्या माणसानंही मान डोलवावी. कड फुगलेली, तळाला काळे ठिपके. मागून आली ती क्रीममधली स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. परदेशातून आलेलं फळ आता कायद्यानं महाबळेश्वरचं झालं आहे. मला याचा अतोनात आनंद झाला.

पण ज्या गोष्टीनं मी खरोखर हादरले, ती महाबळेश्वरात कळली.

१८२४ साली इंग्रज कर्नल लॉडविक डोंगर चढून आला. मग गव्हर्नर माल्कमनं इथे आरोग्यस्थान वसवलं, आणि १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा वाईजवळच्या खंडाळा गावाच्या बदल्यात इंग्रजांनी घेतली. हे मी कुठेतरी वाचलं होतं. त्याच्या पुढचं वाचलं नव्हतं. १८३४च्या सुमारास इथे एक तुरुंग होता आणि त्यात कैदी होते चिनी आणि मलायी. ते आले होते सिंगापूर, पिनांग, मलाक्का या कंपनी सरकारच्या वसाहतींतून, काळ्या पाण्याची शिक्षा भोगायला. माझ्या सध्याच्या गावातून! १८८५ सालच्या सातारा गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे. शे-सव्वाशे माणसं. महाबळेश्वरचे बरेचसे रस्ते त्यांनी खोदले. तुरुंगाच्या बागेत बटाटा आणि विलायती भाज्या त्यांनी पिकवल्या, आणि त्यांच्याकडे बघून आसपासच्या लोकांनी ती लागवड उचलली. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला.

मी वेण्णा तलावाच्या काठावर उभी होते. समोर गाजरांच्या आणि लाल मुळ्यांच्या जुड्या बांधून ठेवलेल्या, शेजारी कणसं भाजली जात होती, पलीकडे पोरं फ्रेंच फ्राइज खात होती. क्षेत्र महाबळेश्वरला देवदर्शन करून उतरलेली एक म्हातारी उपासाची बटाट्याची भाजी खात होती. उपासालासुद्धा चालणारा तो बटाटा! दक्षिण अमेरिकेतला कंद, आणि या डोंगरावर त्याची मशागत करणारे सुरुवातीचे हात चिनी-मलायी बंदिवानांचे. पायांत बेड्या, जिवाला घरची आठवण, अंगाला न सोसणारा घाटमाथ्याचा पाऊस. आणि तरी त्यांनी माती भुसभुशीत करून वाफे घातले. परदेशी चव या जिल्ह्यात कोणी नकाशावर बोट ठेवून मागवली नाही. ती कैद्यांच्या कुदळीनं आली.

याचा दुसरा अर्धा भाग सिंगापुरात आहे. त्याच काळात हिंदुस्थानातले कैदी सिंगापुरात पाठवले जात होते. तिथलं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल, १८६१ मध्ये पूर्ण झालेलं ते पांढरंशुभ्र देऊळ, हिंदी कैद्यांनी बांधलं. त्याच्या गिलाव्यात चुन्याबरोबर अंड्याचा पांढरा बलक आणि साखर घोटली होती. त्या भिंतीवरून मी अनेकदा हात फिरवला आहे. इकडची माणसं तिकडे भिंती बांधत होती, तिकडची इकडे बटाटे लावत होती. दोघांनाही घरी परतायची मुभा नव्हती.

सिंगापूरनं रस्त्यावरच्या विक्रेत्यांना हुसकून लावलं नाही. १९६८ पासून जवळजवळ वीस वर्षं खपून त्यांना नळ, मोरी आणि छप्पर असलेल्या हॉकर सेंटरांत जागा दिली. २०२० मध्ये युनेस्कोनं त्या हॉकर संस्कृतीला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. लाव पा सातसारख्या जुन्या बिडाच्या मंडईत आज शेजारी शेजारी चिनी, मलायी, तमिळ अन्न शिजतं. राजवाड्याची चौपाटी किंवा विश्रामबागेतली ती रांग गुणात त्यांच्यापेक्षा कुठेही कमी नाही. कमी आहे ती चालू पाण्याची आणि सांडपाण्याच्या गटाराची. सांगलीला कृष्णा आहे, साताऱ्याला कास आहे. हातगाडीवाल्याला हात धुवायला एक नळ देणं या दोन शहरांना नक्कीच झेपेल.

आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या मेन्यूकार्डावर फ्राइज, पिझ्झा, हक्का नूडल्स असं सगळं असतं. त्याच्या वरच्या कोपऱ्यात दोन ओळी छापा: या डोंगरावर बटाटा आणि विलायती भाजी १८३४ नंतर चिनी आणि मलायी कैद्यांनी पिकवली. पोरं बटाटा खाता खाता वाचतील आणि आईबापांना विचारतील. आईबापांना सांगावं लागेल.