उरलेल्या पानांचा सिनेमा

वार्षिक परीक्षा संपली की आमच्या घरी वह्या फाडायचा कार्यक्रम असे. उरलेली कोरी पानं वेगळी काढायची, चार वह्यांची मिळून एक चळत करायची, आई दाभणाने भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवून द्यायची. वर जुन्या कॅलेंडरचं गुळगुळीत कव्हर. झाली रफ वही! तुमच्याकडेही असणारच.

वही गणिताची, पण तिचे कोपरे आमचे. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात चेंडू, पुढच्या पानावर तोच चेंडू केसभर वर. पेन्सिल दाबून चालवली की खालच्या पानावर वळ उमटायचा, त्या वळाच्या अंदाजाने पुढचं चित्र. मग अंगठ्याखालून पानं भर्रकन सोडायची, की चेंडू उडालाच.

चेंडूमागे घर काढलं की मात्र पंचाईत व्हायची. तेच घर चाळीस पानांवर चाळीसदा काढायचं, आणि एवढं करून चेंडू उडतोय अन् घर थंडी वाजल्यासारखं कुडकुडतंय!

पुढे कळलं, तिकडे अमेरिकेत विन्सर मॅके यांचीही हीच गत झाली होती. 1914 सालच्या त्यांच्या ‘गर्टी’ डायनासोरच्या सिनेमासाठी हजारो चित्रं हातांनी काढली. मागचे डोंगर, झाड, तळं हे प्रत्येक चित्रात पुन्हा गिरवायचं काम जॉन फिट्झसिमन्स या तरुण मदतनिसाकडे. त्या रेघाही पडद्यावर हलकेच थरथरतात. ते पाहून आम्हाला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

त्याच वर्षी अर्ल हर्ड यांनी त्यावर तोड काढून पेटंट मागितलं. देखावा एकदाच रंगवायचा, आणि हलणारं तेवढं पारदर्शक सेल्युलॉइडवर काढून त्यावर ठेवायचं. जे हललं नाही ते पुन्हा काढायचं नाही. हा तर आमच्या आजीचाच हिशेब! शर्ट विरला नाही, कॉलर विरली; मग कॉलर उसवायची, उलटी करून शिवायची. सुटे कागद जागचे हलू नयेत म्हणून त्यांना भोकं पाडून खुंट्यांवर अडकवायची युक्ती राउल बारे यांची. आमचं ते काम आईच्या शिवणीनेच भागलं होतं. आणि वापरून झालेली सेल्युलॉइडची पानं स्टुडिओत धुऊनपुसून पुन्हा कामाला लावत, हे वाचलं तेव्हा दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणाऱ्या गल्लीतल्या समस्त आया डोळ्यांपुढे आल्या.

गणपतीची आरास आठवते? पुढे पुठ्ठ्याची झाडं, वीतभर मागे टेकड्या, त्यामागे निळा कागद आणि लपवलेला बल्ब. डिस्नेच्या ‘द ओल्ड मिल’मध्ये 1937 साली मल्टिप्लेन कॅमेऱ्याने हेच केलं. काचांवर रंगवलेले देखावे एकाखाली एक, अंतर सोडून ठेवले आणि वरून कॅमेरा लावला. जवळची काच भराभर सरकवायची, लांबची हळू. एसटीच्या खिडकीतून बाभळी पळतात, डोंगर रेंगाळतात आणि चंद्र गावापर्यंत सोबत येतो, तसंच.

शेजारच्यांच्या टीव्हीपुढे दाटीवाटीने बसून ‘एक अनेक और एकता’ पाहिलेली आम्ही मंडळी. विजया मुळे यांची ती 1974 सालची फिल्म, चित्रं भीमसेन यांची. चिमण्या उडाल्या की आम्ही सगळे एका सुरात गायचो. तेव्हा कुठे ठाऊक होतं, की पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात आणि एक चित्र दोन चौकटी टिकवलं तरी बारा चित्रं लागतात! म्हणजे आमची चाळीस पानं साडेतीन सेकंदही पुरली नसती.

त्याआधीच तिकडे डिस्नेकडे झेरॉक्स आलं होतं. 1961 सालच्या ठिपक्याठिपक्यांच्या कुत्र्यांच्या सिनेमात पेन्सिलीची रेघ थेट सेल्युलॉइडवर उतरली. एरवी ती रेघ शाईने उतरवत बहुतेक बायकाच, आणि काय हात होता त्यांचा! तरी आम्हाला ही नवी खरबरीत रेघ जास्त आवडते. तिच्यात पेन्सिल धरलेली बोटं दिसतात. नंतर संगणक आला आणि धुवायला पानंच उरली नाहीत.

एक रफ वही अजून माळ्यावर आहे. दोरा पिवळा पडलाय, पण शिवण घट्ट. अंगठ्याने पानं सोडली की चेंडू उडतो, कुडकुडणाऱ्या घराच्या कौलांपर्यंत जातो. मधली दोन पानं कुणीतरी वाण्याच्या हिशेबाला फाडून नेलीत, तिथे तो एकदम अंगणात येऊन पडतो.