ताकद वाढवायची, पण हिशोबाने

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आपल्या समाजाची कितीतरी मुले मोटारीचे सुटे भाग बनवतात. आठ-आठ तास मशीनवर उभी राहून बारीकातले बारीक माप घेतात. पण स्वतःची जुनी गाडी घेतली, की हीच मुले माप बाजूला ठेवून कुणाच्या तरी सांगण्यावर भाग विकत घेतात. हे आम्हाला खटकते.

आमच्या वस्तीतल्या एका तरुणाने जुनी मारुती एस्टीम घेतली. 'काका, गाडी जोरात पळाली पाहिजे,' म्हणत त्याने गॅरेजवाल्याची यादी आमच्यापुढे ठेवली. मोठे पिस्टन, रेसचा कॅमशाफ्ट, मोठा सायलेन्सर. पैसा भिशीचा, बहिणीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेला. आम्ही कारकुनी करणारी माणसे. वही घेऊन बसलो.

या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७४ मिलिमीटर. तो अर्धा मिलिमीटर वाढवला तर १२९८ सीसीचे जेमतेम १३१६ होतात. म्हणजे दीड टक्काही वाढ नाही! खरी ताकद ठरते ती इंजिन किती हवा आत घेते आणि जळलेला धूर किती मोकळेपणाने बाहेर टाकते यावर. म्हणून हेड, कॅमशाफ्ट, सायलेन्सर एकमेकांना धरूनच निवडावे लागतात. रेसचा कॅमशाफ्ट इंजिन खूप फिरवल्यावर ताकद देतो, पण हळू चालवताना ती घालवतो. द्वारका चौकाच्या गर्दीत तो काय कामाचा? कॉम्प्रेशन फार वाढवले तर पंपावरच्या पेट्रोलवर इंजिन ठोके देते, पिस्टन जातो. ताकद वाढली की क्लच, रेडिएटर आणि ब्रेक यांच्यावर भार येतो. कारणावाचून कार्य नाही, ही तथागतांची शिकवण इंजिनालाही लागू आहे.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शर्यतीची हौस असेल तर रीतसर परवाना काढून स्पर्धेत उतरावे. रस्ता सर्वांचा आहे.

कालामांना बुद्धांनी सांगितले होते, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या. आम्ही त्या मुलाला एवढेच म्हणालो, 'आधी कॉम्प्रेशन गेज लाव.' चारपैकी एका सिलिंडरचा दाब फारच कमी निघाला. रिंगा झिजलेल्या, व्हॉल्व्ह नीट बसत नव्हते. गाडीला नवी ताकद नको होती, गेलेली परत हवी होती. रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, ब्रेक आणि टायर नवे घातले. गाडी चढाला लागली. भिशीतले पैसे उरले, बहिणीची फी वेळेवर भरली गेली.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामगाराला तांत्रिक शिक्षण मिळावे, हा त्यांचा आग्रह होता. सुटा भाग बनवणाऱ्या हातांना तो कशासाठी आहे हेही कळले पाहिजे. रविवारी विहारात वंदनेनंतर आयटीआय झालेल्या मुलांनी धाकट्यांना तासभर इंजिन समजावून सांगावे. त्याला पैसा लागत नाही. गॅरेजची यादी हातात आली तर 'का?' असे विचारण्याची हिंमत मात्र येते.